घड्याळ मागे का पडते?

मंडळी, या वेळचा विषय पाहून काही जण म्हणतील, मास्तरांनी इतिहास सोडून संगणकाची दुरुस्ती कधीपासून सुरू केली? तसे काही नाही. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला आणि आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलेला माणूस. पण वीज वाचवणाऱ्या प्रोसेसरमुळे संगणकाचे घड्याळ मागे का पडते, हा प्रश्न मी जसजसा खणत गेलो तसतसा तो मला इतिहासाचाच वाटू लागला. त्याचा एक धागा तर आमच्या दरेकसा स्टेशनापर्यंत येऊन पोचला. म्हणून हा लेख. त्यात थोडा तांत्रिक भाग आहे, पण सातवीच्या वर्गाला सांगावा तसा सांगतो. घाबरू नका.

घड्याळ म्हणजे मुळात मोजणी. एखादी गोष्ट ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा घडते आणि आपण ती मोजतो, एवढेच. आपल्याकडे पूर्वी घटिकापात्र असे. तांब्याची वाटी, बुडाला बारीक छिद्र. ती पाण्यावर सोडायची. हळूहळू पाणी आत शिरून वाटी बुडाली की एक घटका झाली. दिवसरात्र मिळून ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. 'घटका भरली' असे आपण म्हणतो, त्यामागे ही वाटी आहे. लग्नाचा मुहूर्त साधायला जोशीबुवा तिच्यावर डोळा ठेवून बसत. आता समजा, त्या छिद्रात कचरा अडकला. वाटी उशिरा बुडणार, घटका लांबणार. पण मोजणाऱ्याला ते कळणार नाही, कारण त्याच्या हिशेबी एक वाटी म्हणजे एक घटका. वाटीची चूक वाटीकडे बघून कळत नाही. ती पकडायला बाहेरचे काहीतरी लागते. सूर्य लागतो, तारा लागतो, नाहीतर शेजारी दुसरी वाटी लागते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकीचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे.

सूर्यावर घड्याळ लावायचे तर प्रत्येक गावाची दुपार वेगळी. पृथ्वीला एक रेखांश फिरायला ४ मिनिटे लागतात, हे भूगोलात आपण सगळेच शिकलो. मुंबईच्या आणि कोलकात्याच्या सूर्यात त्यामुळे जवळजवळ एका तासाचा फरक पडतो. बैलगाडीच्या काळात त्याने कुणाचे काही अडले नाही. आगगाडी आली आणि अडू लागले. एकाच रुळावरून दोन गाड्या सोडायच्या आणि दोन स्टेशनांची घड्याळे वेगळी, तर टक्करच व्हायची. म्हणून १८७०च्या सुमारास देशातल्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रास मुंबई आणि कोलकात्याच्या मधोमध पडते आणि तिथे १७९२ पासून वेधशाळा होती. वेधशाळेने आकाश पाहून वेळ ठरवायची आणि ती तारेने देशभर पाठवायची.

आता आमचे दरेकसा. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या हद्दीला टेकलेले. हाजरा फॉल आणि कचारगडची गुहा यांमुळे काहींना नाव ठाऊक असेल. मुंबई–हावडा मार्गावरची गाडी इथे डोंगरात शिरते आणि बोगद्यातून जाते. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला इथून नागपूर–छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाईन गेली. १८८७ मध्ये बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पुढे ही लाईन तिच्याकडे आली. म्हणजे या डोंगरात पहिल्यांदा 'घड्याळाची वेळ' आली ती रेल्वेबरोबर, आणि ती होती मद्रासची.

मी एकदा नकाशा घेऊन हिशेब केला. दरेकसाचे रेखांश साधारण साडेऐंशी अंश पूर्व, मद्रासचे साधारण सव्वाऐंशी. फरक पाव अंशाचा, म्हणजे एका मिनिटाचा! रेल्वेने आणलेली परक्या शहराची वेळ आमच्या गावच्या सूर्याशी मिनिटभराच्या फरकाने जुळत होती. देशात फार थोड्या ठिकाणांच्या नशिबी हे आले असेल. मुंबईच्या नशिबी तर नव्हतेच. तिथे मद्रासची वेळ शहराच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबईवर मद्रास वेळ लादून पाहिली. लोकांनी इतका विरोध केला की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

पुढे रेल्वेने १९०५ मध्ये आणि सरकारने १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ धरली. तीच आजची आपली भारतीय प्रमाणवेळ. आमच्या दरेकसाच्या घड्याळाला तिने सूर्यापेक्षा आठ मिनिटे पुढे ढकलले. कुणाला जाणवलेही नसेल. मुंबईला मात्र ३९ मिनिटांचा धक्का बसला. त्याच जानेवारीत तिथल्या गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले, दगडफेकही झाली. शाळेत असताना हे वाचून मला हसू येई. घड्याळावर कसला राग? पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर उलगडा झाला. पहाटे गिरणीच्या दारात हजर राहायचे असलेल्या माणसाला घड्याळ ३९ मिनिटे पुढे जाणे म्हणजे ३९ मिनिटे आधी, अंधारात उठणे. घड्याळ मालकाचे, झोप मजुराची. सर फिरोजशहा मेहतांसारख्या पुढाऱ्यांनीही विरोध केला आणि मुंबई महापालिकेने आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालू ठेवला. स्वातंत्र्यानंतर आठ वर्षे!

वेळ ठरवणे ही एक गोष्ट. ठरलेली वेळ हजारो घड्याळांत टिकवणे ही दुसरी, आणि माझ्या मते जास्त अवघड. प्रत्येक घड्याळ आपापल्या स्वभावाने थोडे पुढे-मागे जाणारच. रेल्वेने यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. रेल्वेच्या नियमात असे आहे की रोज दुपारी ठीक चार वाजता (१६.०० वाजता) प्रमाणवेळेचा संकेत मुख्य स्टेशनांना पाठवायचा आणि सगळ्यांनी आपली घड्याळे त्याच्याशी जुळवून घ्यायची. गाडी सुटण्याआधी गार्डने (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) स्टेशनच्या घड्याळावर आपले घड्याळ लावायचे आणि ड्रायव्हरने गार्डच्या. यात कुणाच्याही घड्याळाला वाईट म्हटलेले नाही. फक्त कुठल्याही घड्याळाला चोवीस तासांहून जास्त एकटे सोडलेले नाही.

आता संगणकाकडे येऊ.

मी निवृत्त झालो त्या सुमारास पुण्याच्या पुतण्याने त्याचा जुना, सुटे भाग जोडून केलेला संगणक मला दिला. त्यात लिनक्स होते आणि मराठी टंकलेखनाची सोय होती. प्रोसेसर दोन गाभ्यांचा, म्हणजे एका डोक्यात दोन मेंदू म्हणा. ते भारनियमनाचे दिवस होते. आमच्याकडे तास-दोन तास नव्हे, दिवसाचा मोठा भाग वीज नसे. संगणक इन्व्हर्टरवर चाले, म्हणून पुतण्याने वीजबचतीची सोय चालू करून दिली होती. काम नसेल तेव्हा प्रोसेसर आपली गती उतरवतो, अगदीच रिकामा असेल तर डुलकी घेतो. बॅटरी जास्त वेळ पुरते.

काही दिवसांत एक गंमत दिसू लागली. मी टंकलेखन करत असलो, काही काम चालू असले की घड्याळ बरोबर चाले. दुपारभर तो नुसता चालू ठेवला की संध्याकाळी दहा-बारा मिनिटे मागे. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टिकटिकीशी मी ते ताडून पाही. कामात असताना बरोबर आणि रिकामा बसला की मागे! असा विद्यार्थी मी कधी पाहिला नव्हता. दुकानातल्या कारागिराने सांगितले, आतला सेल गेला असेल, बदला. सेल बदलला. फरक शून्य.

पुतण्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काका, संगणकात घड्याळं दोन असतात. सेलवरचं घड्याळ काय दाखवतंय ते आधी बघा." पाहिले. सेलवरचे घड्याळ अगदी बरोबर! पडद्यावरचे तेवढे मागे. रोग इथेच निम्मा सापडला.

हे दोन घड्याळांचे प्रकरण असे आहे. मुख्य फळीवर एक नाण्याएवढा सेल असतो आणि क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या विचित्र वाटते, पण २ ला २ ने गुणत पंधराव्या पायरीवर गेले की तीच येते, त्यामुळे तिचे निम्मे-निम्मे करत एका सेकंदावर येणे सोपे जाते. आपल्या मनगटी घड्याळातही हाच स्फटिक असतो. वीज गेली तरी हे घड्याळ चालू राहते. पण लिनक्स ते सहसा सुरू होतानाच एकदा वाचते. त्यानंतर वेळ मोजायला त्याला याहून बारीक मोजणी हवी असते.

ती बारीक मोजणी १९९३ मध्ये आलेल्या पेंटियम प्रोसेसरने देऊ केली. त्याच्या पोटात एक मोजणी-खाते होते, त्याचे नाव टाइम स्टॅम्प काउंटर, थोडक्यात टीएससी. प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्याला त्यात एक मिळवायचा. प्रोसेसर सेकंदाला शंभर कोटी ठोके टाकत असेल, तर शंभर कोटी मोजले की एक सेकंद झाला. वाचायला अतिशय जलद, अतिशय बारीक. लिनक्सने सुरू होताना एकदा पाहून घ्यायचे की एका सेकंदात किती ठोके पडतात, आणि मग नुसते मोजत राहायचे.

चांगले चालले होते. मग २००० सालापासून लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये आणि पुढे तीन-चार वर्षांत घरच्या टेबलावरच्या प्रोसेसरमध्येही वीजबचतीसाठी गती कमी-जास्त करण्याची सोय आली. म्हणजे नेमका आपल्या वाटीच्या छिद्रातला कचरा! प्रोसेसर निम्म्या गतीने चालू लागला की सेकंदाला पन्नास कोटीच ठोके पडणार. मोजणारा मात्र शंभर कोटी पूर्ण होण्याची वाट बघणार. बाहेर दोन सेकंद होतील तेव्हा आत एक. गती बदलल्याची वर्दी मिळाली तर लिनक्स हिशेब सुधारून घेई. पण काही यंत्रांत ही वर्दी मिळतच नसे. शिवाय गाढ झोपेत हे खातेच थांबे. झोपलेला माणूस मोजणार काय? आणि दोन गाभे असले तर दोघांची खाती वेगळी. एक झोपला, दुसरा जागा, की दोघांचे आकडे फाटले. काही लोकांच्या संगणकांत वेळ चक्क मागे उडी मारी.

माझ्या रिकाम्या बसणाऱ्या विद्यार्थ्याचे कोडे असे सुटले. तो आळशी नव्हता. झोपेतला वेळ त्याच्या हिशेबात झालाच नव्हता.

रोग खरोखर हाच आहे, याची खात्री करणे सोपे होते. पुतण्याने फोनवर सांगत सांगत वीजबचत बंद करायला लावली. दोन दिवस घड्याळ जागचे हलले नाही. पुन्हा चालू केली, पुन्हा मागे. मी म्हटले, "मग जालावरून वेळ घेऊन रोज दुरुस्त करू या." त्यासाठी एनटीपी नावाची पद्धत आहे, डेव्हिड मिल्स या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८५ मध्ये मांडलेली. (ते २०२४ मध्ये गेले.) रेल्वेच्या चार वाजताच्या संकेताचाच हा मोठा भाऊ. पण ती पद्धत घड्याळाला हळूच, न दचकवता सरळ करते. दहा लाख सेकंदांत जास्तीत जास्त ५०० सेकंद, म्हणजे दिवसाला ४३ सेकंदांच्या आसपास. चांगल्या स्फटिकाची चूक दिवसाला दोन-चार सेकंदांची असते, त्याला हे औषध भरपूर झाले. एका दुपारीत दहा मिनिटे हरवणाऱ्याला ते कुठे पुरणार? त्याला मग धक्के देत पुढे ओढावे लागते. चूक मोठी असेल तर रोज दुरुस्त करत बसण्यापेक्षा मोजणीच बदलावी, हे त्यातून शिकलो.

आणि तेच केले. लिनक्सला सांगितले की प्रोसेसरचे खाते सोडून दे, मुख्य फळीवरच्या स्वतंत्र मोजणी-यंत्राकडे बघ. हे यंत्र सेकंदाला ३५,७९,५४५ मोजते. हा आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीसाठी ठरलेल्या मापावरून आलेला आहे. त्या मापाचे स्फटिक स्वस्त मिळत, म्हणून संगणक बनवणाऱ्यांनी तेच उचलले. प्रोसेसर पळो, चालो की झोपो, याची टिकटिक तीच. ते वाचायला टीएससीपेक्षा जास्त वेळ लागतो, पण माझ्यासारख्याच्या टंकलेखनाला त्याने काय फरक पडणार! वीजबचत चालू राहिली आणि घड्याळही सुधारले.

ही माझ्या एकट्याच्या घरची गोष्ट नव्हती, हे नंतर कळले. त्या वर्षांत जगभर लोक याच दुखण्याने हैराण होते. लिनक्सची घडी बसवणाऱ्यांपैकी जॉन स्टुल्ट्झ यांनी वेळ मोजण्याची सगळी रचनाच नव्याने मांडली. २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१८ या आवृत्तीत ती साध्या संगणकांसाठी आली. तिच्यात संगणकातल्या वेगवेगळ्या मोजणी-यंत्रांची प्रतवारी केलेली असते. सगळ्यात जलद यंत्राला काम मिळते, पण त्याच्यावर दुसऱ्या, संथ आणि भरवशाच्या यंत्राचा पहारा असतो. दोघांचे आकडे ठरावीक वेळाने ताडून पाहायचे. जलद यंत्र भरकटलेले दिसले की त्याला 'अस्थिर' असा शेरा मारून बाजूला करायचे आणि दुसऱ्याला काम द्यायचे. २००८ पासून आलेल्या प्रोसेसरांत तर टीएससीच असा केला गेला की गती बदलली किंवा गाढ झोप लागली तरी त्याची मोजणी एकसारखी चालते. म्हणून आज तुमच्या नव्या संगणकात हा त्रास सहसा दिसत नाही. पहारा मात्र काढून टाकलेला नाही, पुष्कळ यंत्रांत तो अजून आहे.

आता कुणी विचारेल, दहा मिनिटांसाठी एवढा खटाटोप? माझ्यासारख्या निवृत्त माणसाला दहा मिनिटांनी काय होते? मला काही होत नाही हे खरे. पण घड्याळ ज्याच्या हातात असते आणि घड्याळाने ज्याला मोजले जाते, ती माणसे बहुधा वेगळी असतात. १९०६ च्या गिरणी कामगारांना हे न शिकवता कळले होते. आमच्या भागात रोजगार हमीच्या कामावर जाणारी घरे पुष्कळ. १ जानेवारी २०२३ पासून त्या कामांवर मोबाईलमधून हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो, आणि त्यावर वेळेची नोंद. उन्हात माती टाकणाऱ्या बाईची मजुरी त्या नोंदीवर आली. नोंद करणारे घड्याळ तिचे नव्हे, आणि ते चुकले तर ते सिद्ध करायला तिच्याकडे दुसरे घड्याळ नाही. शाळेचा हजेरीपट निदान सगळ्यांसमोर उघडा असे. "गुरुजी, मी आलो होतो" असे मुलगा उभा राहून म्हणू शके, आणि शेजारचा साक्ष देई.

सरकारलाही हे आता पटलेले दिसते. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने आदेश काढला की संगणक सेवा देणाऱ्यांनी, कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी आपली घड्याळे एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत. या प्रयोगशाळेत सीझियमच्या अणुघड्याळांवर आपली प्रमाणवेळ सांभाळली जाते. चोरी कधी झाली, कोण आधी आत शिरले, हे ठरवायचे तर नोंदींच्या वेळा एकमेकींशी जुळायला हव्यात. मद्रासच्या वेधशाळेची जागा दिल्लीने घेतली, तारेची जागा जालाने. काम तेच.

मात्र त्या अणुघड्याळांनाही एकटे सोडलेले नाही. जगभरच्या प्रयोगशाळा आपापली घड्याळे एकमेकांशी ताडून पाहतात आणि सगळ्यांची मिळून जगाची वेळ ठरते. जोशीबुवांची वाटी, स्टेशनचे घड्याळ, प्रोसेसरच्या पोटातले खाते, सीझियमचा अणू, कुणालाही स्वतःच्या खरेपणाचा दाखला स्वतःच देता येत नाही. वाटी उत्तम असली तरी शेजारी दुसरी लागतेच. माझ्या संगणकाने काही खोटे सांगितले नव्हते. त्याने आपली गती हीच जगाची गती धरली, एवढेच. निवृत्तीनंतर माणसाचेही असेच होते. आपण मंद होतो आणि वाटते की जगच फार पळू लागले आहे. अशा वेळी ताडून पाहायला चार माणसे लागतात. तुम्ही मंडळी माझे लेख वाचून "काका, हे असं नाही, तसं आहे" असे कळवता, ते मला म्हणूनच बरे वाटते.

असो. लेख लांबला. ज्यांच्याकडे अजून तसे जुने, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे संगणक चालू आहेत आणि लिनक्सचे घड्याळ मागे पडते, त्यांनी सेल बदलण्याआधी सेलवरचे घड्याळ आणि पडद्यावरचे घड्याळ शेजारी ठेवून पाहावीत. आणि ज्यांच्या घरात कुणी रेल्वेत किंवा तारखात्यात नोकरीला होते, त्यांनी चार वाजताच्या संकेताची काही आठवण ऐकली असेल तर जरूर लिहावी. ते ऐकलेली माणसे आता थोडी उरली आहेत.